सीपॅप दुरुस्तीला देताय? आधी बदली मशीन हातात घ्या

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते बंद पडलं की छत्रपती संभाजीनगरच्या डीलरकडे जातं आणि तिथून बहुधा पुण्या-मुंबईला. तोवर झोपायचं कसं, हे काउंटरवर कुणी विचारत नाही. बदली मशीन दिलंच पाहिजे असा सरसकट नियम नाही. वॉरंटीच्या अटींत असेल तर हक्काने मागा, नसेल तर भाड्याने मिळतंय का बघा.

अर्ज, आधार, अनामत रक्कम यात काही अवघड नाही. बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या बुडाशी असलेल्या नंबरशी जुळला पाहिजे. बिल थर्मल कागदावर असेल तर आजच झेरॉक्स काढा, ती अक्षरं उडतात. आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, मशीन वापरायला काढल्या दिवसापासून नाही. यात कितीतरी जण फसतात.

खरं घोडं अडतं प्रेशरच्या कागदापाशी. लोक स्लीप स्टडीचं, म्हणजे झोपेतल्या तपासणीचं, पहिलं पान आणतात. त्यावर एएचआय असतो, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला किंवा मंदावला. मशीन किती प्रेशरवर लावायचं ते टायट्रेशन रिपोर्टात, म्हणजे योग्य प्रेशर ठरवणाऱ्या चाचणीच्या कागदात, किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीत असतं. घनसावंगीकडच्या एका मावशींच्या पिशवीत जुन्या सोनोग्राफीपर्यंत सगळं निघालं, ते पान सोडून. फाइलच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं नुसतं ‘१२’ लिहिलेलं. ना सही, ना तारीख. बिचाऱ्या लाल परीनं तशाच परत गेल्या. म्हणून निघण्याआधी स्लीप लॅबला फोन करून रिपोर्टची प्रत मागा.

‘ऑटो आहे, आपोआप जुळवून घेईल’ म्हणून प्रेशर ४ ते २० वर ठेवलेलं मशीन देतात. ज्याला १४ लागतं त्याला ४ वर गुदमरल्यासारखं होतं. तिथेच चिठ्ठीप्रमाणे लावून घ्या. बायपॅपवाल्यांनी तर साधं सीपॅप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बायपॅपमध्ये श्वास घेताना एक प्रेशर असतं, सोडताना दुसरं. ‘चार दिवसांचाच तर प्रश्न आहे’ हे ऐकून घेऊ नका.

मास्क आणि मेमरी कार्ड स्वतःकडे ठेवा. ह्युमिडिफायरमधलं, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीतलं, पाणी ओतून टाका, नाहीतर वाटेत ते मोटरीत जातं आणि वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.

पावतीवर बदली मशीनचा नंबर, प्रेशर आणि परतीची तारीख लिहून घ्या. ‘दुरुस्ती होईपर्यंत’ एवढंच लिहू देऊ नका. टोलवाटोलवी सुरू झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण तिथेही आधी ही पावतीच कामाला येते.