ड्युटीवर गेलेल्या पोलिसाच्या घरच्यांचे अर्ज कुठे अडतात

मुंबई-ठाण्याच्या पोलीस दलात रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं बरीच आहेत. नोकरी तिकडे, बायको-मुलं नि आईवडील गावात. ड्युटीवर त्याचं बरंवाईट झालं की कागद दोन-तीन जिल्ह्यांत विखुरतात आणि पेन्शन-अनुदानाचा प्रस्ताव त्रुटी काढून परत येत राहतो.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. कुडाळचा जखमी शिपाई गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात हलवला आणि तिथे दगावला, तर दाखला गोव्यातूनच घ्यावा लागतो. गावच्या ग्रामपंचायतीकडे खेटे घालून उपयोग नाही. या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. म्हणून शवविच्छेदन अहवाल, मरणोत्तर पंचनामा आणि गुन्ह्याची किंवा अकस्मात मृत्यूची खबर, यांच्या प्रमाणित प्रती लगेच मागून घ्या.

खरा घोळ ‘कर्तव्यावर’ या एका शब्दाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 28 म्हणतं की पोलीस कायम कर्तव्यावर आहे असंच समजायचं. तरीही गणपतीला रजेवर आलेला पोलीस बुडणाऱ्याला वाचवताना गेला, की सानुग्रह अनुदानाच्या (सरकारकडून कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीच्या) फायलीवर ‘रजेवर होता’ असा शेरा पडतो. जीव देणाऱ्याच्या बायकोला हे वाचावं लागतं, याची चीड येते. तो त्या क्षणी काय करत होता हे स्थानिक ठाण्याच्या जबाबांत स्पष्ट येऊ द्या. बंदोबस्तावर असेल तर बंदोबस्ताचा आदेश आणि स्टेशन डायरीचा उतारा हवाच. अनुदानाचा वाद चालू असला तरी कुटुंब निवृत्तीवेतन (पेन्शन) आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) त्यासाठी थांबवायचं कारण नाही. ते प्रकरण वेगळं पाठवायला सांगा.

दुसरी अडचण नावाची. नवऱ्याच्या सेवापुस्तकात (नोकरीच्या नोंदवहीत) बायकोचं सासरचं नाव, तिच्या आधारवर माहेरचं, आणि लग्नाची नोंदच नाही. नवरा गेल्यावर ती नोंद करणं फार अवघड होतं. ज्यांचे धनी आज नोकरीत आहेत त्या वहिनींनी ग्रामसेवकाकडे विवाह नोंदणी करून टाकावी. ती नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, रेशन कार्ड, आणि तरीही कार्यालय ऐकत नसेल तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीपुरतीच असते, ती इथे चालत नाही.

लग्नाआधी आईचं नामनिर्देशन केलेलं असतं, त्यावरून सासू-सुनेत वितुष्ट येतं. कुटुंब निवृत्तीवेतन नामनिर्देशनावर ठरत नाही. नियमानुसार ते आधी पत्नीलाच मिळतं. आईला हे घरातल्या कुणीतरी समजावून सांगा.

1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांच्या घरच्यांना ‘तुम्ही एनपीएसवाले (राष्ट्रीय निवृत्तीवेतन प्रणालीतले), पेन्शन नाही’ असं सांगून वाटेला लावतात. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने सेवेत मृत्यू झाल्यास त्यांच्याही कुटुंबाला निवृत्तीवेतन आणि उपदान लागू आहे. त्या निर्णयाची प्रत सोबत ठेवा.

अनुकंपा नोकरीच्या, म्हणजे मयताच्या जागी वारसाला मिळणाऱ्या नोकरीच्या, अर्जाची मुदत मृत्यूच्या तारखेपासून मोजतात, पेन्शन मंजूर झाल्यापासून नव्हे. इतर वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज आधी द्या आणि पोच घ्या.

फोटो, पासबुक, नमुने भरणं हे आस्थापना शाखेतले कारकून करून घेतात. पुढे प्रकरण मंजुरीसाठी महालेखापालांकडे आणि तिथून पैसे देणाऱ्या कोषागारात जातं. पण पगार खात्यावरचा अपघात विमा कुणी आपणहून सांगत नाही. त्याची मुदत थोडी असते, तेव्हा दिवसकार्य आटोपताच बँकेत लेखी कळवा.