बंदुकीचं लायसन्स आणि सेल्फ डिफेन्स, दोन वेगळ्या वाटा

घरात चोर शिरला तर गोळी घालता येते का आणि बंदूक ठेवणं हा आपला हक्क आहे का, हे दोन प्रश्न लोक नेहमी एका दमात विचारतात, पण आपल्या कायद्यात या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या वाटेने आल्यात आणि ते कळायला १८५७ पर्यंत मागे जावं लागतं.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घेतली. त्याच सुमारास, १८६० ला, दंड संहिता आली आणि तिच्या कलम ९६ ते १०६ मध्ये स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव, मालमत्ता वाचवायचा हक्क लिहून दिला. म्हणजे बचाव करा, पण हातात काही असायला नको. पुढे १८७८ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात आर्म्स ॲक्ट, म्हणजे हत्यारांचा कायदा, आला, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. आपल्या माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट, हा उघड अपमान होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये याविरुद्ध ठराव झाला, आणि १९१८ ला खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचं पत्रक काढताना खुद्द गांधीजींनी अख्ख्या देशाची हत्यारं काढून घेणारा हा कायदा इंग्रज राजवटीतलं सगळ्यात काळं कृत्य ठरवला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तर हत्यार बाळगायचा हक्क, नियमांच्या चौकटीत का होईना, मूलभूत हक्कांमध्ये होता.

मग राज्यघटनेत का नाही आला? १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामतांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली, हत्यार उचलणं हा हक्क नाही तर कर्तव्य हवं असं त्यांचं म्हणणं होतं आणि सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारांनाही मिळेल ही काळजी होती. मला ते आजही पटतं. घटनेत आलं ते उलटंच, शांततेने आणि विनाशस्त्र जमायचं स्वातंत्र्य.

आजचा आर्म्स ॲक्ट १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, नुसती इस्टेट नाही म्हणून लायसन्स नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर कारण लिहून ठेवावं लागतं, वर अपीलही आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा तर कायद्यात वेगळा उल्लेख आहे. आमच्याकडे कोकणात रानडुकरांनी एका रात्रीत भाताचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, लोळवलेला ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको. तीच बंदूक निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, आणि ती परत आणायची पावती म्हातारी माणसं रेशनकार्डासारखी जपून ठेवतात.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका आणि लायसन्सची मुदत तीनची पाच वर्षं झाली. बचावाची कलमं १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली, मजकूर जवळपास तोच, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्कच नाही. त्यामुळे बचाव कोयत्याने केला काय नि लायसन्सच्या बारा बोअर बंदुकीने केला काय, कोर्ट आधी त्या घडीला धोका केवढा होता तेच बघतं.