बेसबॉलच्या मैदानात ऑर्गन कसा आला

२४ सप्टेंबर १९५७. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एबेट्स फील्डवर डॉजर्स संघाचा अखेरचा सामना होता. संघ लॉस एंजेलिसला जाणार, याची अधिकृत घोषणा व्हायची होती, पण लोकांनी ते ओळखलं होतं. जेमतेम पावणेसात हजार प्रेक्षक आले. ऑर्गनवर ग्लॅडिस गुडिंग होत्या. त्यांनी एकेक निरोपाचं गाणं वाजवत नेलं आणि शेवट ‘ऑल्ड लँग साइन’ने केला. एखाद्या मैदानाला इतका हळवा निरोप वादकानेच द्यावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

गुडिंग मुळात मूकपटांना ऑर्गनची साथ करायच्या. पडद्यावर घोडा दौडला की सूर दौडायचे, नायिका रडली की सूरही ओले व्हायचे. १९२७नंतर बोलपट आले आणि असे शेकडो वादक बेकार झाले. समोर घडतंय ते पाहून तत्क्षणी वाजवायची कला मात्र त्यांच्या हातात होती. मैदानाला नेमकी तीच हवी होती.

वाद्याची अडचण शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनी सोडवली. घड्याळांचा कारखाना चालवणाऱ्या या माणसाने १९३५ साली विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. फिरत्या धातूच्या चकत्यांतून सूर निघायचे. नळ्या नाहीत, भाता नाही. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन पायाने भाता मारत वाजवतात, त्याहून हा अगदी वेगळा. आवाज थेट मैदानाच्या कर्ण्यांत सोडता येई.

पहिला प्रयोगही शिकागोतच झाला. २६ एप्रिल १९४१ रोजी रिग्ली फील्डवर रे नेल्सन यांनी सामन्याआधी ऑर्गन वाजवला. त्या वर्षी गीतकार-संगीतकारांची संस्था आणि रेडिओ केंद्रं यांच्यात मानधनावरून वाद पेटला होता. गाण्यांचे सूर चुकून प्रक्षेपणात जाऊ नयेत म्हणून नेल्सन यांना प्रक्षेपणाआधीच थांबावं लागलं. पुढच्याच वर्षी, १९४२मध्ये, गुडिंग ब्रुकलिनला रुजू झाल्या आणि ऑर्गन सामन्याचा भाग बनला.

बेसबॉलमध्ये रिकाम्या जागा भरपूर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा बदलतो, इनिंग संपते, नवा बॅटर येतो. या फटींत वाजवायचं आणि चेंडू सुटण्याआधी थांबायचं. गायकाने कुठे श्वास घेतला हे संगीत नाटकातला ऑर्गनवाला जाणतो, तशीच ही जाण.

ती सर्वांत खुलली नॅन्सी फॉस्ट यांच्याकडे. १९७० ते २०१० त्या शिकागो व्हाइट सॉक्स या संघासाठी वाजवत होत्या. खेळाडूचं नाव, गाव, नंबर, कशावरूनही गाणं सुचायचं. १९७७मध्ये प्रतिस्पर्धी पिचरला बाहेर काढलं की त्या ‘ना ना हे हे’ची धून धरायच्या आणि अख्खं स्टेडियम गाऊ लागायचं. आज अमेरिकेत अनेक खेळांत हरणाऱ्याला याच गाण्याने निरोप देतात.

पुढे रेकॉर्ड केलेल्या गाण्यांनी बरीच जागा घेतली. २०२३पासून पिचरला ठरावीक वेळेत चेंडू टाकायची घड्याळाची मर्यादा लागल्याने फटीही आखडल्या. तरी बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये जॉश कँटर २००३पासून ऑर्गनवर आहेत. प्रेक्षक मोबाइलवरून फर्माईश पाठवतात आणि ते ती मोकळी वेळ मिळताच वाजवतात.