मास इफेक्ट : नव्यानं खेळणाऱ्यांसाठी

मास इफेक्ट म्हणजे बायोवेअर या कॅनडाच्या कंपनीची सायन्स फिक्शन आरपीजी (म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) गेमची मालिका. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा २०१२ चा, आणि मे २०२१ मध्ये तिन्ही भाग सुधारून लेजेंडरी एडिशन म्हणून एकत्र आले. नवीन माणसानं हीच एडिशन घ्यावी, कारण ग्राफिक्स तर सुधारलंच आहे पण जवळपास सगळे डीएलसी (नंतर आलेले जादा भाग) पण आतच येतात, त्यातलं पिनॅकल स्टेशन तेवढं नाही कारण त्याचा सोर्स कोडच खराब होऊन बसला होता.

गोष्ट सुरू होते २१८३ सालात. तुम्ही कमांडर शेपर्ड, बाई किंवा माणूस जे पाहिजे ते (बाई शेपर्डला जेनिफर हेलचा आवाज आहे, आणि तोच भारी आहे), नॉर्मंडी नावाचं जहाज तुमच्या ताब्यात आणि सेरन नावाच्या फितूर एजंटच्या मागं लागायचं. याच्यापुढं सांगितलं तर मजा जाईल.

नागपुरात या गेमकडे येणारे बरेचसे पोट्टे बीजीएमआय नाही तर व्हॅलोरंट असले गोळीबाराचे गेम खेळून आलेले असतात, त्यामुळे सवय अशी की दिसला का ठोक, आणि मंग म्हणतात काहून एवढं बोलत बसते हा गेम. पण इथं बोलणं हाच अर्धा गेम आहे. डायलॉग व्हीलमध्ये (बोलताना उत्तरं निवडायचं चक्र) उजवीकडचे पर्याय संभाषण पुढं ढकलतात, डावीकडच्या 'इन्व्हेस्टिगेट'मध्ये जास्तीचे प्रश्न असतात, ते आधी विचारून घ्यायचे. वरचं उत्तर साधारण समजूतदार म्हणजे पॅरागॉन, खालचं दांडगाईचं म्हणजे रेनेगेड. समोरच्याला पटवायचे निळे आणि धमकावायचे लाल पर्याय मात्र फुकट उघडत नाहीत, पहिल्या भागात त्यासाठी चार्म किंवा इंटिमिडेट या कौशल्यांमध्ये पॉइंट टाकावे लागतात, आणि सगळे पॉइंट बंदुकीवर उडवून आलेला माणूस विर्मायर ग्रहावर फसतो. तिथं रेक्स नावाचा तुमचाच क्रोगन (एक परग्रहावरची जमात) साथीदार तुमच्यावर बंदूक रोखून उभा राहतो. चार्म किंवा इंटिमिडेट पुरेसं असलं तर तो शांत होतो, नाही तर त्याच्या घराण्याचं चिलखत परत आणून देण्याचं साइड मिशन आधीच केलेलं असलं तरी वाचतो, आणि दोन्ही नसलं तर भाऊ, तो तिथंच संपतो, मंग उरलेले दोन भाग त्याच्याशिवाय.

दुसऱ्या भागात तर मधलंच धोरण महागात पडते. थोडं गोड थोडं तिखट असं करत गेलात तर दोन्हीकडचे मोठे पर्याय बंद राहू शकतात, आणि मिरांडा आणि जॅक या साथीदारणींचं जहाजावर भांडण होते तेव्हा दोघींनाही सांभाळणं जमत नाही. एक बाजू धरा.

क्लास, म्हणजे शेपर्डच्या लढायच्या पद्धती, एकूण सहा. पहिल्यांदा सोल्जर घ्यायला काही हरकत नाही, फक्त पहिल्या भागात त्याला कुलूपबंद पेट्या उघडता येत नाहीत म्हणून टाली नावाच्या साथीदाराला सोबत न्यायचं. व्हॅनगार्ड नंतर घ्या, दुसऱ्या भागात तो शत्रूच्या अंगावर चार्ज करतो आणि नवीन माणूस तिथंच मरतो. लढाईत पॉवर व्हील (खास शक्ती निवडायचं चक्र) उघडली की गेम थांबतो. हे लय जणांना माहीतच नसते, धडाधड गोळ्या झाडत राहतात. थांबून शत्रूचा बचाव कोणता ते बघायचं आणि तशी शक्ती वापरायची, शील्डवर ओव्हरलोड, बॅरियर असेल तर वॉर्प, चिलखत असेल तर इन्सिनरेट, साथीदारांना पण तिथूनच हुकूम द्यायचा. पहिल्या भागात बॅगेत १५० वस्तूच मावतात, हलकं सामान वेळोवेळी ओम्नी-जेल करून टाका, तेच माको गाडीच्या दुरुस्तीला कामी येते.

प्रत्येक मिशननंतर जहाजावर एक चक्कर मारून सगळ्यांशी बोलायचं, दुसऱ्या भागात तर हे टाळूच नका कारण त्यातूनच लॉयल्टी मिशनं (एकेका साथीदाराचं खासगी काम) निघतात आणि शेवटच्या मोहिमेत कोण जगणार ते बरंचसं त्याच्यावर ठरते. जहाजाचे तीन अपग्रेड पण सोडू नका: साथीदारांपैकी जेकबकडून चिलखत, टालीकडून शील्ड, गॅरसकडून थॅनिक्स तोफ. यातलं एक राहिलं तरी उतरायच्या आधीच एक साथीदार जातो. त्याला लागणारी खनिजं ग्रह स्कॅन करून काढावी लागतात, ते काम कंटाळवाणं आहे, गाणी लावून करा. आणि रीपर आयएफएफ नावाचं यंत्र आणायच्या मोहिमेआधी साथीदारांची कामं जमतील तेवढी उरकून घ्या, कारण नंतर जहाजावरची माणसं पळवून नेतात आणि त्यानंतर तुम्ही साइड मिशनं करत बसलात तर ती माणसं मरतात. लगेच गेलात तर वाचतात. गेम अशी धमकी नेहमी देतो आणि नेहमी खोटी असते, इथं खरी आहे.

पीसीवर याला १२० जीबी जागा लागते, त्यामुळे अमरावती-यवतमाळहून येऊन इथं हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी वायफायच्या भरवशावर न राहता रात्री डाउनलोड लावून द्यावा. उन्हाळ्यात, खास करून नवतपात, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लॅपटॉप गरम होऊन गेम अडकत चालतो, फ्रेम रेट ६० वर बांधून टाकला की बराच फरक पडते. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि लाइट जाणार असं वाटलं की हातानं सेव्ह करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका.

सेव्ह फाइलची एक कॉपी पेनड्राइव्हवर पाहिजेच, कारण पहिल्या भागातले निर्णय दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात जातात, आणि मधे लॅपटॉप फॉरमॅट झाला तर ते सगळं गेलं. तसं झालंच तर दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला जेनेसिस नावाची कॉमिक आहे, त्यात आधीचे मोजके मोठे निर्णय पुन्हा निवडता येतात, बारीकसारीक मात्र परत येत नाही.