डिफॉल्ट सेटिंगमधून होणारी माहितीगळती

राऊटर, स्विच, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणारे यंत्र) यांना कंपनीने घालून दिलेली सेटिंग तशीच राहिली की आतली माहिती परक्याला आयती मिळते. इथे कुलूप फोडावे लागत नाही. किल्ली मॅन्युअलमध्येच छापलेली असते.

सगळ्यांत दुर्लक्षित दार एसएनएमपीचे. उपकरणांवर लांबून नजर ठेवण्याची ही पद्धत यूडीपी पोर्ट १६१ वर चालते. तिच्या पहिल्या आवृत्तीत आणि २सी मध्ये पासवर्डच्या जागी 'कम्युनिटी स्ट्रिंग' असते. बऱ्याच उपकरणांत ती वाचण्यासाठी 'पब्लिक' आणि बदल करण्यासाठी 'प्रायव्हेट' अशी ठरलेली असते, आणि वायरवरून उघडीच जाते. लातूरच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडतीचा राऊटर असा उघडा असला, तर मॉडेल, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, एआरपी तक्त्यातून (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा याची यादी) काटा-बिलाच्या कॉम्प्युटरचे आयपी आणि मॅक (हार्डवेअरचे) पत्ते, एवढेच काय, बसवणाऱ्याने 'लोकेशन'मध्ये भरलेले 'गल्ल्यामागे' हेसुद्धा वाचता येते. अपटाइम (सलग चालू असल्याचा काळ) ४०० दिवस दिसला, तर तेवढ्या काळात फर्मवेअर बदललेले नाही हे उघड आहे. (हा आकडा ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो.)

मराठवाड्यात खरी अडचण वेगळीच. विजेच्या ये-जा करण्याने राऊटर हँग होतो, कोणीतरी मागच्या छिद्रात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरतो आणि फॅक्टरी सेटिंग परत येते. केबलवाल्याचा पोरगा येऊन पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीचे) युजरनेम-पासवर्ड टाकतो, नेट चालू होते आणि बाकीचे कोणी बघत नाही. म्हणून एकदा बदललेला पासवर्ड कायमचा धरू नये.

राऊटर बाहेरून उघडा दिसतो का, याची तपासणी दुकानाच्या वायफायवरून नव्हे, मोबाइल डेटावरून करावी. राऊटरचा वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तो सीजीनॅटमागे आहे, म्हणजे ऑपरेटर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतो. बाहेरून सहसा दिसत नाही, पण त्याच ऑपरेटरच्या दुसऱ्या ग्राहकाला दिसू शकतो.

एसएनएमपी लागत नसेल तर बंद. लागत असेल तर आवृत्ती ३, एन्क्रिप्शनसह, आणि एकाच आयपीला परवानगी. वॅनकडून रिमोट मॅनेजमेंट बंद. यूपीएनपीही (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद, कारण डीव्हीआर त्यातून स्वतःच पोर्ट उघडून घेतो. डब्ल्यूपीएसही (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद, कारण तिचा पिन आठ आकडी असला तरी दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो.

सगळे नीट लावल्यावर कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलचा बॅकअप घ्यावा, म्हणजे रिसेटनंतर तीच चढवता येते. मात्र तिच्यात पासवर्ड अनेकदा साध्या अक्षरांत असतात. ती बिलाच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवू नये.