परीक्षा की मोह?

मार्चमध्ये आमच्या घरात ‘परीक्षा’ हा शब्द दोन सुरांत ऐकू येतो. भाच्याची दहावी चालू असते, आणि संध्याकाळी येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मी म्हणते, ‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस.’ यंदा तो फिस्सकन हसला. “मग बोर्डाला कळव की, मामी!”

त्याच ओळीला सासूबाई मात्र ‘मोहात पडू देऊ नकोस’ म्हणतात. माझं माहेर प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक. त्या एका शब्दावर आमचे आवाज फुटतात आणि ‘वाईटापासून’ला पुन्हा जुळतात.

दोघींचंही बरोबर आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘पेइरास्मोस’ आहे, आणि त्या एकाच शब्दात कसोटीही येते, भुलवणंही येतं. मराठीत दोन शब्द असल्यामुळे आपल्याला एक निवडावा लागतो. अडचण फक्त आपलीच नाही. देव स्वतः माणसाला मोहात ढकलतो असा वास येतो म्हणून फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये ही ओळ बदलून घेतली.

फरक ओळखायचा तर समोरच्याला काय हवंय ते बघावं. पेपर काढणाऱ्याला मुलं नापास करायची नसतात (निदान तसं धरून चालू). मुलाचा बळी मागून देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली, आणि शेवटी हातातली सुरीही त्यानेच थांबवली. एदेन बागेतल्या सापाला मात्र हव्वा घसरायलाच हवी होती. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर एकाच अध्यायात दोन्ही आहेत: आधी म्हणतो, परीक्षा आल्या तर आनंद माना, पुढे बजावतो, देवाने मला मोहात पाडलं असं कुणी म्हणू नये, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो.

एवढ्यावर भागलं असतं तर सोपं होतं. पण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पहिल्या रविवारी चर्चमध्ये जो उतारा वाचतात, त्यात दोन्ही एकमेकांत मिसळलेत. येशूला अरण्यात नेतो पवित्र आत्मा, आणि तिथे गाठतो सैतान. चाळीस दिवसांची भूक ही परीक्षा. ‘या धोंड्यांच्या भाकरी कर’ हा मोह. प्रसंग एकच. मोह झाला म्हणजे पाप झालं असंही नाही. मोह होणं वेगळं आणि मोहात पडणं वेगळं, हे मराठीला बरं कळतं.

मला त्यातला दुसरा मोह सगळ्यात धूर्त वाटतो. मंदिराच्या टोकावरून उडी टाक म्हणताना सैतान चक्क स्तोत्र म्हणून दाखवतो: देवदूत तुला झेलतील, असं लिहिलंच आहे की! तोंडात शास्त्र आणि मनात दुसरंच.

उपवासकाळ सुरू होतो त्या भस्म बुधवारपासून मी चहा सोडलाय. १८९० मध्ये याच पुण्यात, पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांचं प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं होतं. आमच्याकडे चहा सोडणं हेच प्रायश्चित्त. सकाळी अकराला डोकं ठणकतं, ती परीक्षा. ती निभते. गेल्या शनिवारी क्वार्टर गेटहून घरी येताना अमृततुल्यवाल्याने आलं-वेलची कुटायला घेतली. खलबत्त्याचा तो टकटक आवाज, मागोमाग वास. पाय थांबले, पण मन म्हणालं, जाऊ दे.

मग डोकं चालायला लागलं. चाळीस दिवसांच्या हिशोबात रविवार धरत नाहीत, म्हणून तर भस्म बुधवार ते ईस्टरची आदली रात्र मोजली की शेहेचाळीस भरतात. आणि चर्चच्या रीतीने रविवार शनिवारी संध्याकाळीच लागतो. सासूबाई त्याच वेळची मिस्सा (चर्चमधली उपासना) धरतात. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“एक कटिंग,” मी म्हणाले.