पंचविशीतलं वजन आणि पंचाहत्तरीतलं शरीर

उंचीप्रमाणे वजनाचे तक्ते घरोघरी पोहोचले ते अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांमुळे. सुरुवातीच्या तक्त्यांत विमेदारांचं सरासरी वजन असे आणि वयाबरोबर तो आकडा वाढत जाई. १९४०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफने, कोणत्या वजनाचे विमेदार जास्त जगतात हे पाहून, ‘आदर्श वजन’ ठरवलं. त्यात पंचविशीनंतर वयाला जागाच नव्हती. पंचविशीत जे योग्य, तेच जन्मभर.

पुढे बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) आला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र बेल्जियमचे गणिती अदॉल्फ केटले यांचं, १८३०च्या दशकातलं. नाव मात्र १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसल कीज आणि सहकाऱ्यांनी दिलं. यातही वय नाही. वार्धक्याचे अमेरिकी अभ्यासक रूबिन आंद्रेस यांनी १९८५च्या सुमारास विम्याचीच आकडेवारी पुन्हा तपासली. वयानुसार थोडं वाढलेलं वजन घातक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९०च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शिकेत पस्तिशीपुढच्यांना सैल मर्यादा मिळाली, पण १९९५ मध्ये ती गेली.

मला या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो १९८९ मध्ये अमेरिकी पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी मांडलेला शब्द: सार्कोपेनिया, म्हणजे वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज. स्नायू घटून तेवढीच चरबी वाढली तर वजनकाट्याला काहीच कळत नाही. आणि उतारवयात आहार नुसता कमी करून वजन उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणूनच १९९० चा एक छोटा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त रहिवाशांकडून पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत!

‘चाळिशी आली, चयापचय मंदावला’ हे आपण सगळेच म्हणतो. २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांतून वेगळंच दिसलं. शरीराचं आकारमान जमेस धरलं तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो. मधल्या वयात वाढणाऱ्या वजनाचं कारण त्यामुळे खाणं, हालचाल, झोप यांत शोधावं लागतं.

सार्कोपेनियाच्या २०१९ च्या युरोपीय निकषांत आधी पाहतात ती ताकद: हाताची पकड, किंवा हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ. पंधरा सेकंदांहून जास्त लागले, तर पुढची तपासणी करतात.